दुपारी वळणावर उतरणारी गाडी आणि बागेतल्या रेल्वेचे संमेलन

माझ्या बागेतली छोट्या नमुन्याची रेल्वेगाडी दोन वर्षे एकाच वळणावर रुळांवरून उतरत होती. सकाळी ती बिनतक्रार धावे, पण ऊन डोक्यावर आले की त्याच वळणावर इंजिनाचे पुढचे चाक बाहेरच्या रुळावर चढे आणि त्याच्यामागचे दोनतीन डबे कलंडत. मी चाके बदलून पाहिली, डब्यांत वजन टाकून पाहिले, वेग निम्म्यावर आणला, तरी दोष काही सापडेना. म्हणून बागेत रेल्वे चालवणाऱ्या हौशी मंडळींच्या संमेलनाला जायचे ठरले, तेव्हा निघण्यापूर्वी वहीच्या पहिल्याच पानावर त्या वळणाचा आराखडा काढला, त्याची त्रिज्या, चढ आणि जोडांच्या जागा नोंदवल्या आणि उत्तर घेतल्याशिवाय परतायचे नाही असे मनाशी ठरवले.

संमेलन काही दिवसांचे होते. सकाळी वर्ग, दिवसभर विक्रेत्यांचे दालन आणि दुपारनंतर सभासदांच्या खासगी बागांना भेटी, असा त्याचा क्रम होता. दालनात मी फार वेळ रमले नाही. मात्र जुन्या वस्तूंच्या अदलाबदलीच्या टेबलावर लेमान या जर्मन खेळणी कंपनीचे श्टाइन्त्स नावाचे छोटे वाफेचे इंजिन दिसले, तेव्हा पाय आपोआप थांबले. १९६८ मध्ये या कंपनीने एलजीबी ही मालिका न्युरेंबर्गच्या खेळणी मेळ्यात आणली, आणि घराबाहेर, पावसापाण्यात टिकेल अशी तयार रेल्वे त्यानंतरच सामान्य हौशी माणसाच्या हाती आली. त्या टेबलावरच्या इंजिनाची चाके झिजून पितळी दिसू लागली होती. ते कपाटात शोभेला ठेवलेले नव्हते, आयुष्यभर धावलेले होते, हे त्या चाकांवरूनच कळत होते.

नव्याने या छंदात येणाऱ्यांचा सर्वांत मोठा गोंधळ प्रमाणाबद्दल होतो आणि संमेलनात तो डोळ्यांसमोर उभा राहतो. बागेतल्या बहुतेक रुळांमधले अंतर ४५ मिलिमीटर असते. पण हे एकच अंतर निरनिराळ्या खऱ्या रेल्वेमार्गांची जागा घेते. १४३५ मिलिमीटरचा प्रमाणित मार्ग १:३२ मध्ये केला तर ४४.८ मिलिमीटर येतो, मीटरगेज १:२२.५ मध्ये केला तर ४४.४ येतो आणि तीन फुटी अरुंद मार्ग १:२०.३ मध्ये केला तर बरोबर ४५ येतो. त्यामुळे एकाच रुळावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन इंजिनांपैकी एकातला चालक साडेपाच सेंटिमीटर उंच, तर दुसऱ्यातला साडेआठ सेंटिमीटरहून अधिक उंच असतो आणि दोन्ही आपापल्या जागी खरे असतात. उत्तर अमेरिकेत प्रमाणित मार्गाच्या गाड्या १:२९ मध्ये करण्याची पद्धत रुळली आहे. हिशेबाने तिला साडेएकोणपन्नास मिलिमीटरचा रूळ हवा, तरी ती ४५ वरच धावते. यावर वर्गात बराच खल झाला. माझे मत असे की बागेत, चार-पाच पावलांवरून पाहताना, साडेचार मिलिमीटरचा तो फरक डोळ्याला जाणवत नाही. मात्र एकाच गाडीत दोन प्रमाणांचे डबे जोडले तर ते लगेच खटकतात, आणि ते टाळलेच पाहिजे.

वाफेच्या गाड्यांसाठी एक वेगळा, कमरेइतका उंच मार्ग उभारला होता. तिथे ३२ मिलिमीटरच्या रुळांवर, दोन फुटी मार्गांच्या नमुन्यावर केलेली, खऱ्या गाडीच्या एका फुटाला सोळा मिलिमीटर या प्रमाणाची इंजिने होती आणि ती खरोखरच्या वाफेवर चालत होती. मी एका बाईंच्या शेजारी उभी राहून त्यांचे इंजिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले. त्यांनी आधी पिचकारीने तेलाच्या टाकीतले कालचे पाणी काढून घेतले, मग तिच्यात काळसर, काकवीसारखे जाड तेल भरले, बाष्पकात, म्हणजे बॉयलरमध्ये, ऊर्ध्वपातित पाणी घातले आणि शेवटी ब्युटेन वायू. धुराड्याच्या तोंडाशी काडी धरली, तेव्हा ज्योत ‘पुक्’ असा आवाज करून आत उडी मारून गेली आणि जळणाचा बारीक घुमणारा आवाज सुरू झाला. दाबमापकाचा काटा पाचसात मिनिटांत चौरस इंचाला चाळीस पौंडांकडे सरकला, सुरक्षा झडप फुसफुसली आणि मगच त्यांनी गाडीला हात लावला. सुरुवातीला इंजिन हिसके देत पुढे-मागे झाले, कारण थंड सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी होऊन साचते आणि ते धुराड्यातून बाहेर फेकले जाईपर्यंत चाल सुरळीत होत नाही.

त्या तेलाच्या टाकीबद्दल मी मुद्दाम विचारले. तिच्यात हलणारा एकही भाग नाही. वाफेची नळी टाकीला लागून जाते आणि नळीला सुईच्या टोकाएवढे एक छिद्र असते. त्यातून थोडी वाफ टाकीत शिरते, तिथे थंड होऊन तिचे पाणी होते, पाणी तेलाहून जड म्हणून तळाशी बसते आणि जितके पाणी खाली बसले तितकेच तेल वर ढकलले जाऊन त्याच छिद्रातून वाफेबरोबर सिलिंडरकडे जाते. फेरी संपल्यावर टाकीत पाणी सापडले नाही, तर तेल पोहोचलेच नाही असे समजावे. इतकी साधी आणि इतकी नेमकी योजना मी फार थोड्या यंत्रांत पाहिली आहे. त्या टाकीजवळून हलायला मला जवळजवळ तासभर लागला आणि त्या तासाचा मला मुळीच पश्चात्ताप नाही.

दुसऱ्या दिवशीचा रुळांखालच्या पायावरचा वर्ग माझ्या कामाचा होता. तिथे सरळ दोन पक्ष होते. काहींच्या मते काँक्रीटचा पक्का पट्टा ओतून त्यावर मार्ग बसवावा, म्हणजे जमीन खचली, मुळे वाढली तरी पातळी बिघडत नाही. बाकीचे म्हणत होते की चर खणून त्यात बारीक, कडा असलेली खडी भरावी आणि मार्ग तिच्यावर मोकळा ठेवावा. वर्षातून एकदोनदा पातळी नीट करावी लागते, पण मार्गाला हलायला वाव राहतो. खडी गोल नसावी, यावर मात्र दोन्ही पक्षांचे एकमत होते. गोटे एकमेकांवरून घरंगळतात, तर तुटक्या कडांचे दगड एकमेकांत अडकून बसतात, आणि मोठ्या रेल्वेची खडीही याच कारणासाठी फोडलेली असते. माझा मार्ग काँक्रीटवर होता आणि मी तो मोठ्या अभिमानाने स्क्रूंनी पक्का केला होता, म्हणून त्या चर्चेत मी गप्पच होते.

उत्तर मिळाले ते तिसऱ्या दिवशी, एका बागेत. त्या बागेचे मालक वयोवृद्ध गृहस्थ होते आणि त्यांची रेल्वे वीस वर्षांहून जुनी होती. मार्गाच्या कडेने थाइम ही जमिनीलगत रांगणारी वनस्पती पसरली होती आणि डोंगराच्या उतारावर स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची बुटकी झाडे उभी होती. ती अरण्यासारखी दिसावीत म्हणून त्यांच्या फांद्याच नव्हे तर मुळेही ठरावीक काळाने छाटावी लागतात, असे त्यांनी सांगितले. मी वही उघडून आराखडा दाखवला. त्यांनी वळणाकडे पाहिलेच नाही. वळणाच्या आधीच्या बारा मीटरच्या सरळ मार्गावर बोट ठेवून ते म्हणाले, “इथले जोड कसे केले आहेत तुम्ही?”

मी म्हटले, “प्रत्येक जोडावर पितळी क्लँप घट्ट आवळले आहेत. रुळांतून इंजिनापर्यंत वीज नीट पोहोचावी म्हणून.”

“आणि रूळही पितळीच. मग तो वाढतो तेव्हा जातो कुठे?”

पुढचा हिशेब आम्ही तिथेच, मांडीवर वही घेऊन केला. एका अंश सेल्सिअसने तापमान वाढले की पितळ मीटरमागे सुमारे ०.०१९ मिलिमीटर वाढते. बारा मीटरचा रूळ थंड पहाटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत चाळीस अंशांनी तापला, तर तो नऊ मिलिमीटरांनी लांब होतो. एका टोकाला माझे स्थानक होते, तिथले सांधे, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारे रूळ, काँक्रीटला जखडलेले. साहजिकच सगळी वाढ दुसऱ्या टोकाला, म्हणजे वळणाकडे सरकत होती आणि बाहेरचा रूळ जिथे दोन स्लीपरांमध्ये थोडा ढिला होता तिथे तो बाहेर फुगत होता. सकाळी मोजले तर सगळे जागच्या जागी, कारण रूळ रात्री परत आखडून घेत होता. मी दोन वर्षे चाकांना दोष देत होते आणि चाके सुरुवातीपासून निर्दोष होती.

त्यांनी आपल्या मार्गातला सरकता जोड मला गुडघ्यावर बसून दाखवला. दोन रुळांची टोके एका खोबणीत सैल बसवलेली, मध्ये दोनतीन मिलिमीटर मोकळी जागा, खोबणीत ग्राफाइटमिश्रित ग्रीस आणि विजेसाठी जोडाला वळसा घालून दोन्ही रुळांना डाख दिलेली लवचीक तार. तारेला त्यांनी मुद्दाम छोटे वेटोळे दिले होते, म्हणजे रूळ सरकला तरी डाखावर ताण येऊ नये. मोकळी जागा किती ठेवायची हे रूळ बसवतानाच्या तापमानावर ठरते. थंडीत बसवला तर जास्त, तापलेल्या दुपारी बसवला तर जवळजवळ काहीच नाही.

इंजिनातच बॅटरी ठेवून रेडिओने गाडी चालवणाऱ्यांपुढे विजेचा हा पेच येत नाही, कारण त्यांच्या रुळांतून वीज वाहतच नाही. त्यांना रूळ घासून चकचकीत ठेवावे लागत नाहीत आणि जोडही निर्धास्तपणे सैल ठेवता येतात. बॅटरी की रुळातली वीज हा वाद मी आजवर केवळ खर्चाचा आणि सोयीचा समजत होते. जोड कसा करायचा हा प्रश्नही त्यातच दडलेला आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आले. तरीही मी रुळातली वीज सोडणार नाही, कारण माझे जुने इंजिन लहान आहे आणि बॅटरी बसवायची तर त्याच्या पोटातले यंत्रच उचकावे लागेल.

परतल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी सरळ मार्गावरचे दोन क्लँप काढले आणि त्या जागी सरकते जोड बसवले. वळणावरचे एकाआड एक स्क्रूही सैल केले. सकाळी सात वाजता दोन्ही जोडांत जागा मोजली, तर ती प्रत्येकी तीन मिलिमीटर भरली. दुपारी एक वाजता पुन्हा जाऊन बसले, तेव्हा रुळाला बोट लावून ठेवता येत नव्हते आणि दोन्ही जोडांत जाड कागदसुद्धा सरकत नव्हता. मग चार डबे जोडून गाडी सोडली आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला, नेहमी डबे उचलायला बसायचे तिथेच, ओट्यावर बसून राहिले. गाडीने अठ्ठावीस फेऱ्या पूर्ण केल्या.