तुम्ही विचारलंत म्हणून: कर्नल नगरसेवक कशाला झाला?

"कर्नलसाहेब, फौजेत एवढी इज्जत कमावलीत, मग या चिखलात कशाला उतरलात?" लग्नाच्या पंगतीत, सलूनमध्ये, सकाळी पुण्याच्या रेसकोर्सवर फिरताना, सगळीकडे हेच. वर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर सहानुभूतीही असते. त्यापेक्षा शिवी परवडली. काहींची तक्रार उलटीच असते: "कलमाडी हवाई दलातून आले आणि खासदार झाले, तुम्ही वॉर्डातच अडकलात."

तर सांगतो. नोकरीत राजकीय सभेला जायचीही मुभा नसते. निवृत्तीनंतर घरी बसवेना. पक्षाला वानवडीत माजी सैनिकांची मतं हवी होती आणि मला काम. पत्रकात "देशसेवेचं दुसरं पर्व" वगैरे छापलं, ते पक्षाच्या माणसानं लिहिलं होतं. मी ते खोडलं नाही, कारण वाचायला बरं वाटलं. 2017 ला चार जणांचा प्रभाग होता, मी 'ड' जागेवर निवडून आलो. चार नगरसेवक म्हणजे श्रेय घ्यायला चौघं आणि तुंबलेल्या चेंबरला कुणीच नाही, हे महिन्याभरात कळलं.

त्यात आमची हद्द. वानवडी बाजार कॅन्टोन्मेंटमध्ये, थोडं पुढे गेलं की महापालिका. कॅन्टोन्मेंट बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी, तोही पदसिद्ध, म्हणजे एकही मत न मागता. इकडे मी ड्रेनेजचं झाकण बदलून घ्यायला कनिष्ठ अभियंत्याची मनधरणी करायचो. त्याचं वाईट वाटत नव्हतं. बरं, थोडं वाटायचं. आणि हो, 'स' यादीतून, म्हणजे नगरसेवकाच्या वाट्याच्या निधीतून, माझ्या नावाची बाकंही बसली. टोमणे मारणाऱ्यांचे वडील संध्याकाळी त्यांच्यावरच बसलेले असतात.

पण चिखल म्हणून तुम्ही जे समजता, त्यानं मला त्रास झाला नाही. झाला तो एका अंडाभुर्जीच्या गाडीनं.

मोकळे फूटपाथ हे माझं आश्वासन होतं. शाळेसमोरच्या गाड्यांमुळे पोरं रस्त्यावरून चालायची. मी पत्रं दिली, पाठपुरावा केला, शेवटी कारवाई झाली. दुसऱ्या दिवशी कार्यालयात एक जण आला. इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट. दारातच सावधान. "जय हिंद साहेब." माझ्याच पलटणीतला नाईक. कुपवाड्यात माझा रेडिओ त्याच्या पाठीवर असायचा. मी 'सेट' म्हणायच्या आत रिसीव्हर माझ्या हातात असे. त्याची गाडी शाळेसमोर उभी राहते, हे मला खरंच माहीत नव्हतं. फेरीवाल्यांच्या 2014 च्या कायद्याखालचं सर्वेक्षण झालं तेव्हा तो वर्दीत होता, म्हणून प्रमाणपत्र नाही. पेन्शन होती, पण मुलीची फी त्यात बसत नव्हती.

त्यानं मागितलं काहीच नाही, फक्त सांगितलं. मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा." तो म्हणाला, "ठीक आहे साहेब." पीछे मूड, आणि गेला. चहा तसाच राहिला.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. बाकीचे भांडतच होते. पक्षाच्या एका पदाधिकाऱ्याच्या मेहुण्याची गाडी दोन दिवसांत पुन्हा त्याच जागी लागली. फोन माझा नव्हता, पण त्या आठवड्यात मी दुसऱ्या कुणासाठी तरी फोन केलाच होता, पाण्याच्या टँकरसाठी. तो चालतो, हा चालत नाही, हे कुणी ठरवलं? नाइकानं दंड भरून गाडी सोडवली. तवा मिळाला, शेगडी मिळाली नाही. पुढे तो कोंढव्याला गेला असं ऐकलं.

2017 मधला मी आजच्या मला सांगतो, तू बरोबर केलंस, आपल्या माणसाला सूट दिली असतीस तर तुझ्यात आणि त्या पदाधिकाऱ्यात फरक काय? मी त्याला विचारतो, मग फूटपाथ मोकळा झाला का? झाला नाही. ज्याच्यासाठी फोन करणारं कुणी नव्हतं, तेवढाच हटला. त्यावर तो म्हणतो, तो तुझा दोष नाही. असेलही. त्या दिवशी मी चुकलो असं मी आजही म्हणणार नाही. हिला ते पटत नाही, तिचं म्हणणं फोन करायला हवा होता. आमचं यावर जेवताना भांडण होतं.

मार्च 2022 ला मुदत संपली, प्रशासक आले, तरी पाणी आलं नाही की लोक मलाच फोन करायचे. करायचे म्हणजे अजूनही करतात. 15 जानेवारी 2026 च्या निवडणुकीत मी उभा नव्हतो. तत्त्वासाठी नाही. पक्षानं विचारलंच नाही. विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो, असं मी सगळ्यांना सांगतो. ही तेवढ्यापुरती उठून आत जाते.