तंबोऱ्याची नोंद : नववा महिना

गेल्या नोंदीत लिहिलं होतं, तंबोऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सगळ्यांत खालच्या 'सा'च्या तारेतून, गंधार ('ग') निघतो असं सगळे जाणकार सांगतात, मला मात्र अजून ऐकू येत नाही. आला. मागच्या गुरुवारी, सकाळी पावणेसहाला, कुकर लावायच्या आधी.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आत्याचा मिरजेचा जनानी तंबोरा, वीसेक वर्षं गवसणीत, माळ्यावर. दिवाळीनंतर खाली काढला. पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी हा माझा 'सा'. लग्नाआधी चार वर्षं गाणं शिकले होते, मग सुटलं. आता डोंबिवलीहून रोज लोकल, ऑफिस, घर. पहाटेची पंचवीस मिनिटं तेवढी माझी. सुरुवातीला ठरवलं होतं की पाच मिनिटांत तंबोरा लावायचा आणि वीस मिनिटं खर्ज साधना (खालच्या सुरांचा रियाज) करायची. आता प्रमाण जवळजवळ उलटं झालंय, आणि मला ते मनापासून आवडतंय.

पहिले तीन महिने वाया गेले, कारण जवारी (घोडीच्या पाठीचा घासून काढलेला बाक, ज्याने तार गुंजते) बिघडली होती. इथल्या एका दुरुस्तीवाल्याने घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) इतकी घासली की तारेखालचा दोरा कुठेही सरकवा, तार नुसती करकरायची. शेवटी तारा सैल केल्या, तंबोरा रजईत गुंडाळला आणि कल्याणहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरज गाठलं. रात्रभर वरच्या बर्थवर तो झोपला, मी खाली बसून.

मिरजेबद्दल थोडं लिहायलाच हवं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे वाद्यं घडवायला घेतली, आणि त्यांच्या वंशजांनी ती विद्या पुढे नेली. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तूनचं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी गेले त्या कारागिराने घोडी बदलली आणि कानशीचे हलके हात देत जवारी काढली. दोन हात कानस, मग तार छेडून कान लावायचा, पुन्हा दोन हात. दुपारभर हेच. यंत्र नाही, मोजपट्टी नाही. संध्याकाळी मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन आले. गायक अब्दुल करीम खाँसाहेब तिथेच, आवारात विसावलेत, १९३७ पासून. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायक-वादक हजेरी लावतात, तेव्हा एकदा जायचंय.

आता लावण्याबद्दल. आधी जोड, म्हणजे 'सा'च्या मधल्या दोन तारा. काळी चारला मधल्या तारा सुमारे २०८ हर्ट्झला येतात. दोघींत एका हर्ट्झचा फरक असला तरी सेकंदाला एक लाट येते, वॉव-वॉव अशी. ती लाट लांबत लांबत नाहीशी व्हायला हवी. खुंटीने जवळपास आणायचं, मग तारेत ओवलेल्या मण्याने. पहिले काही महिने मी मोबाइलमधल्या ट्यूनरचा हिरवा दिवा बघून थांबत होते. तुम्हीही तसं करत असाल तर एक आठवडा मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बघा. डोळे मिटल्यावर कान कामाला लागतो. जोडानंतर खर्ज, मग पंचम, आणि सगळ्यांत शेवटी दोरा. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला की बोथट तार एकदम उघडते.

गुरुवारी तेच झालं. खर्जाचा दोरा जरासा मागे घेतला आणि वर, तार सप्तकात, गंधार उभा राहिला. कुणी वाजवत नसलेला. खर्जाच्या पाचपट कंपनांचा तो स्वर, म्हणून पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरलेला. मी त्याला लागून गंधार गाऊन पाहिला. माझा चढा होता, इतकी वर्षं पेटीवर घोटलेला. हळूहळू खाली आणला, आणि जिथे मिळाला तिथे माझा आवाज मला वेगळा ऐकू येईना. डोळ्यांत पाणी आलं, लिहायला संकोच वाटत नाही.

हे घोडीच्या पसरट पाठीमुळे होतं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्यावर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर (मूळ स्वराच्या पटीतला वरचा स्वर) निघूच नये, तोही या वाद्यांत निघतो, असं त्यांनी दाखवलं.

सासूबाई शेजारच्या खोलीत वाती वळत बसतात. त्या कधी गाणं शिकल्या नाहीत. शुक्रवारी मला वाटलं झालं, तेवढ्यात आतून आवाज आला, "अगं, तिसरी उतरलीय." खरंच उतरली होती. आता रोज मी आधी थांबते. त्या "हं" म्हणाल्या की पुढे.

दिवसभरात काय फरक पडला? लोकलच्या गर्दीत पूर्वी सगळा मिळून एकच गोंगाट असायचा. आता पंख्याचा सूर वेगळा कळतो, ब्रेकचा वेगळा. ऑफिसात कुणी चढ्या आवाजात बोललं तर आधी सूर ऐकू येतो, शब्द मागून, आणि त्या मधल्या क्षणात माझं उत्तर शांत होतं. पंधरवड्यापूर्वी एक दिवस फार वाईट गेला. रात्री साडेदहाला गवसणी काढली, गायले काहीच नाही, नुसत्या तारा छेडत बसले. मग झोप लागली.

पावसाळ्याची अडचण आहेच. दमट हवेत खुंट्या फुगून अडकतात, ऊन पडलं की सटकतात. सटकणाऱ्या खुंटीला खडू लावते. पंखा बंद. गवसणीत घालून भिंतीपासून दूर.

काल मालकंस रागासाठी पंचम उतरवून मध्यम लावला. सगळी खोलीच बदलली, गंभीर झाली. खर्ज पुन्हा मिळवायला गेले आणि पितळी तार तुटली. नवी चढवलीय. नवी तार दोन-तीन दिवस सारखी उतरत राहते, तेव्हा उद्या सकाळी पुन्हा जोडापासून.