आईचं पार्सल जर्मनीत का अडतं

परभणी-लातूरकडून निघालेलं पार्सल जर्मनीच्या कस्टममध्ये अडकलं की आईच्या जिवाला घोर लागतो, लेकरू तिकडं उपाशी असंल. उपाशी कोणी नसतं. अडतं ते तूप. युरोपीय संघाबाहेरून टपालानं दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ येऊ देत नाहीत. लाळ-खुरकूतसारखे रोग गोठ्यात शिरू नयेत म्हणून हा नियम. घरच्या म्हशीचं कढवलेलं तूप असलं तरी सूट नाही. पेढे, खवाही नाही. डिसेंबर 2019 पासून बहुतेक ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणजे केशर आंबाही नको. नियम सगळ्यांना सारखा आहे, हे मानलंच पाहिजे. तरी आईच्या हातचं तूप फेकलं जातं तेव्हा राग येतोच, आणि तो रास्त आहे.

म्हणून काळा मसाला, येसर (आमटीसाठीचं भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ), कारळाची आणि जवसाची चटणी, तूप न घालता केलेले शेंगदाणा-गुळाचे लाडू पाठवावेत. चटणी पूर्ण गार झाल्यावरच भरावी आणि दोन पिशव्यांत बांधावी. चटणीचं तेल कागदातून झिरपतं. ज्वारीचं पीठ गिरणीतून गरम येतं. तसंच बांधलं तर आत वाफ धरून गोळे होतात, म्हणून पातळ पसरून गार करावं. वाटेत दिवस गेले तर पीठ विरी जातं, भाकरी थापताना चिरते. मुलानं ते उकळत्या पाण्यात मळावं, म्हणजे जमतं.

फॉर्मवर प्रत्येक वस्तू, वजन, किंमत वेगळी लिहावी. नुसतं ‘खाऊ’ लिहू नये. घरून घरी पाठवलेली भेट 45 युरोपर्यंत असेल तर कर लागत नाही.

फोनवर आई बापाची शुगर, विहिरीचं पाणी, सोयाबीनचा पडलेला भाव यातलं काहीच सांगत नाही. ‘सगळं बरंय रे’ म्हणते. पण पीठ शेतातल्या शाळूचं की विकत आणलेल्या ज्वारीचं, एवढं विचारलं तरी रब्बी कशी गेली ते कळतं. दिवाळीला येणं होत नसेल तर मुलानं निदान एवढं तरी विचारावं.

आणि पत्त्याचं. तिथं इमारतीत सहसा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन बेलवरचं नाव बघतो. मित्राच्या खोलीत राहणाऱ्याचं नाव तिथं नसेल तर मसाला आल्या वाटेनं परत जातो. पत्ता लिहिण्याआधी आईनं विचारावं, ‘बाळा, बेलवर तुझं नाव लावलंय का?’