मिनिटाला ३९ रुपये

माझी खर्चाची वही आहे. दोनशे पानी, आडव्या रेघांची. पतसंस्थेत बावीस वर्षं खतावण्या लिहिल्यावर घरीसुद्धा हाताला स्वस्थ बसवत नाही. चहापत्ती, गॅस, वाण्याची उधारी, सगळं तारखेनिशी. त्यातलं डिसेंबरचं पान दरवर्षी खच्चून भरतं, कारण सवाई, म्हणजे पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव. गेल्याच्या आधीच्या डिसेंबरचं पान चिरंजीवांच्या हाती लागलं आणि त्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून ते मोठ्यानं वाचलं.

'सवाई, पाच दिवस, एकूण ४,३८०.' मग माझ्याकडे बघून, 'आई, आणि मला काय काय बोलली होतीस?'

बोलले होते, हे खरं. जानेवारी २०२५ मध्ये हा नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या इंग्रजी बँडच्या कार्यक्रमाला गेला. तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. याचं उभं राहून ऐकायचं, साडेसहा हजारांच्या घरातलं. तेही याला मिळालंच नव्हतं. सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळपासून लॅपटॉप आणि दोन मोबाइल मांडून बसला होता आणि त्याच्या पुढे रांगेत काही लाख माणसं होती. शेवटी मित्राला मिळालेल्यातलं एक याच्या वाट्याला आलं. वर गाडीभाडं, पनवेलजवळचा एका रात्रीचा मुक्काम आणि तिथलं पाणी. साडेसहा हजार रुपये देऊन उभं राहायचं, हे माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना. आमच्याकडे उभं राहून ऐकणाऱ्याला पूर्वी कुंपणाबाहेरचा म्हणत, आणि तो फुकट ऐकायचा!

'साडेसहा हजार एका रात्रीचे,' मी म्हटलं, 'माझे चार हजार पाच दिवसांचे.'

'आणि तीन हाफ डे टाकलेस, त्यांचे पैसे कुठे धरलेत?'

हिशोबनिसाच्या पोटी जन्माला आलाय, दुसरं काय. रजेचे पैसे धरले तर माझा आकडा त्याच्या पुढे जातो. मी धरले नव्हते. अजूनही धरलेले नाहीत.

पण त्याचा खरा घाव पुढेच होता. 'तूसुद्धा पडद्यावरच बघतेस ना? मीही पडद्यावर बघितलं, तूही. मीही स्पीकरमधून ऐकलं, तूही. मग प्रत्यक्ष म्हणजे नक्की काय?'

त्यावर मला लगेच काही सुचलं नाही. पोळ्या लाटत राहिले. त्याचं म्हणणं खोटं नाही. मुकुंदनगरच्या सवाईच्या मैदानात, भारतीय बैठकीत, माझ्या जागेवरून गायक अंगठ्याएवढा दिसतो. चेहरा बघायचा तर दोन्ही बाजूंच्या पडद्यांकडेच बघावं लागतं. आवाज येतो तो माझ्या डाव्या हाताच्या खांबावरच्या कर्ण्यातून. घरी चांगल्या हेडफोनवर याहून स्वच्छ ऐकू येतं, आणि मांडीला मुंग्या येत नाहीत.

मी मूळची मिरजेची. सतारमेकर गल्लीपासून आमचं घर दोन गल्ल्या पलीकडे. सतारीचे भोपळे वाळत घातलेले आणि जवारी काढणारे, म्हणजे घोडी घासून तारांना झंकार आणणारे, कारागीर बघतच शाळेत जायचो. अण्णा, माझे वडील, रेल्वेत, बुकिंग ऑफिसात. उरुसात दर्ग्याच्या आवारात गाणं असायचं, ते फुकट. तिकीट नाही, पास नाही, नावनोंदणी नाही. सतरंजीवर जागा मिळेल तिथे बसायचं. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या आठवणीचं गाणं ते. खाँसाहेब तिथेच, दर्ग्याच्या आवारात, चिरविश्रांती घेताहेत. अण्णा दरवर्षी न चुकता सांगायचे की खाँसाहेब १९३७ मध्ये पाँडिचेरीच्या वाटेवर असताना सिंगपेरुमाळकोईल नावाच्या स्टेशनात, फलाटावर गेले. गाडीतून उतरून, तंबोरा लावायला सांगून. रेल्वेच्या माणसाला त्यातल्या फलाटाचंच जास्त अप्रूप. ते स्टेशनचं नावसुद्धा तिकीट फाडल्यासारखं तोडून तोडून उच्चारायचे.

तर माझ्या लेखी गाणं म्हणजे फुकट. पुण्याला कॉलेजात आल्यावर पहिल्यांदा सवाईचं तिकीट काढलं तेव्हा मला चक्क फसवल्यासारखं वाटलं होतं. ज्या खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व आणि ज्या सवाई गंधर्वांच्या नावानं त्यांचे शिष्य भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला, त्या खाँसाहेबांच्या दारात आम्ही चप्पल काढून आत जात होतो. इथे नातवंडांच्या घरात शिरायला पैसे?

हे फुकटचं गणित किती कच्चं होतं ते फार उशिरा उमगलं. मिरजेला गायला येणारा माणूस हजेरी लावायला येतो, बिदागीसाठी नाही. म्हणजे येण्याजाण्याचा खर्च त्याचा, तबलजीचा प्रवास त्याच्या खिशातून, रात्रीचं जागरण त्याचं. माझ्या वहीत जे शून्य पडत होतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत नावे पडत होतं. खतावणीत असंच असतं. एका बाजूला शून्य दिसलं की दुसरी बाजू उघडून बघावी.

तेव्हा सवाई रेणुका स्वरूप शाळेच्या मैदानावर असे आणि रात्रभर चाले. शाल, थर्मास, कानटोपी, पेपरात गुंडाळलेल्या दशम्या. पहिल्याच वर्षी शेजारी एक काका बसले होते, कुठल्याशा कारखान्यातले फिटर. विलंबित एकताल चालला होता. बारा मात्रांचं एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर पसरलेलं, आणि मी मोठ्या विद्वत्तेनं बोटं मोजत भलत्याच ठिकाणी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, धरून मान डोलावत होते. दोन आवर्तनं काकांनी सोसलं. तिसऱ्याला माझं मनगट धरलं आणि काही न बोलता मांडीवर हलकेच थापटून दाखवलं, 'इथं.' मग सोडून दिलं. पुढच्या आवर्तनाला मी बरोबर पोचले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त थर्मासाचं झाकण भरून चहा पुढे केला.

त्या रात्री भीमसेनजी गायले. काय गायले ते माझ्या वहीत आहे, डोक्यात नाही. तो राग त्यांच्याच आवाजात आज मला पाच जागी ऐकायला मिळतो. काकांचं 'इथं' मिळत नाही.

पुढे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत. महोत्सव दुपारकडे सरकला. पहाटेचा ललत राग त्या मंडपातून गेला, मध्यरात्रीचा दरबारी गेला. जुनी माणसं त्यावर अजून हळहळतात, मीही हळहळते. पण कबूल करायला हवं की त्या बदल्यात दुपार मिळाली. भीमपलास, मुलतानी, मारवा, पूरिया धनाश्री, हे एरवी आपण नोकरदार माणसं कधी वेळेवर ऐकणार? चार वाजता आम्ही व्हाउचरवर शिक्के मारत असतो.

आता वहीतल्या एका काळ्या पानाबद्दल. दोन वर्षांपूर्वी एका बंदिस्त सभागृहात एका फार मोठ्या नावाचा कार्यक्रम होता. नाव सांगत नाही. तिकीट २,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५०. (पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नसतो. गरिबाच्या गाण्यावर सरकारनं तेवढी माया ठेवली आहे.) कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला. मग दीपप्रज्वलन, प्रायोजकांचा सत्कार, प्रायोजकांच्या वडिलांचा सत्कार, शाल, श्रीफळ, आणि एका निवेदिकेचं 'स्वरांच्या हिमालयावर' वगैरे. प्रत्यक्ष गाणं ७५ मिनिटं. त्यात जे गायलं ते सगळं त्यांच्या ध्वनिफितीत आहे, त्याच जागा, त्याच हरकती, आणि टाळ्याही जणू ठरलेल्या ठिकाणी. घरी येऊन भागाकार केला. मिनिटाला ३९ रुपये. नवरा म्हणाला, फोनचे एसटीडी दर असायचे तेव्हा सुद्धा एवढा मीटर पडत नव्हता.

त्या दिवसापासून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. ज्याचं गाणं मला पाठ आहे, त्याला ऐकायला मोठं तिकीट काढायचं नाही. पाठ असलेलं पुन्हा प्रत्यक्ष ऐकण्यात एक सुख असतं, नाही म्हणत नाही. माझा मुलगा आणि त्याच्याबरोबर स्टेडियमभर माणसं तेच करायला गेली होती, सगळ्यांनी मिळून पाठ असलेलं म्हणायला. मनगटावर लुकलुकणारे पट्टे बांधून. जाताना ते पट्टे परत करायचे असतात म्हणे, हे मात्र मला फार आवडलं. पण ते सुख एकदाचं. मला त्याचा वार्षिक हप्ता परवडत नाही.

सवाईत मी रजा टाकते ती पहिल्या गायकासाठी. रात्री आठनंतरच्या मोठ्या नावांसाठी रजा लागतच नाही, तेव्हा सगळं पुणं येतंच. दुपारी मंडप निम्मा रिकामा असतो. पाठीमागच्या कनातीतून ऊन आत आलेलं, कुणीतरी अजून सतरंजीवर रुमाल टाकून जागा धरतंय, स्टॉलवर तळणीचा पहिला घाणा पडतोय, आणि मंचावर एखादी पंचविशीतली मुलगी तंबोरे जुळायची वाट बघत बसलेली असते. तिच्याकडे तासाच्या आतलाच वेळ असतो. इथवर यायला तिला पंधरा वर्षं लागलेली असतात.

मेट्रोनं वनाजहून सिव्हिल कोर्ट, तिथे बदलून स्वारगेट, पुढे रिक्षा. गेल्या डिसेंबरात मी अशीच धापा टाकत चारच्या आधी पोचले. बरोबर चिरंजीव. वहीवरून झालेल्या वादानंतर 'चल, दाखवच' म्हणून निघालेले. आल्या आल्या त्यानं माझ्या पिशवीची उशी केली आणि आडवा झाला. मी काही बोलले नाही. मिरजेला सतरंजीवर आम्ही पोरं अशीच झोपायचो.

मुलीनं मुलतानी धरला. बरा चालला होता, जरा जपून. मग द्रुतात, लय वाढल्यावर, ती एकदम वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, गेली आणि तो कमी लागला. केसभर, पण लागला. मंडपात दोन-तीन माना वळल्या. तबलजीनंही किंचित वर पाहिलं. ध्वनिमुद्रण असतं तर तो स्वर कुणी ठेवला नसता, पुन्हा गाऊन घेतला असता. इथे तो झाला तो झाला. मुलगी थांबली नाही. पण पुढेही गेली नाही. ती खाली उतरली, पंचमावर आली, षड्जाच्या अगदी खालच्या निषादावर जाऊन उभी राहिली. उभीच राहिली. पूर्ण आवर्तन तिनं त्या निषादावर काढलं, वर षड्ज समोर दिसत असताना. पेटीवाल्यानंही हात आवरता घेतला, नुसता सूर धरून ठेवला. माझ्या पुढे बसलेल्या एका आजींनी चष्मा काढून हातात घेतला, तो का ते विचारू नका. आणि समेला ती षड्जावर गेली.

निम्म्या रिकाम्या मंडपातून जो आवाज निघाला त्याला दाद म्हणता येणार नाही. सगळ्यांनी धरलेला श्वास सोडला, एवढंच. तिला तो ऐकू गेला. तिच्या चेहऱ्यावर, पडद्यावर मोठा दिसत होता म्हणूनच दिसलं, हसू येऊ घातलं ते तिनं आवरलं. पुढची सात-आठ मिनिटं ती जी गायली ती आधीची मुलगी नव्हती.

खाली पाहिलं तर चिरंजीव उठून बसलेले. केस विस्कटलेले, गालावर पिशवीच्या विणीचे वळ.

'काय झालं आत्ता?' त्यानं विचारलं.

'कुठं काय?'

'नाही, झोपेत कळलं. काहीतरी झालं. सगळे एकदम…'

मी त्याला कमी लागलेल्या षड्जाचं सांगितलं. त्याला षड्ज कळत नाही, म्हणून तबल्याच्या ठेक्याबरोबर त्याच्या मांडीवर थापटून दाखवलं, इथून ती निघाली, इथं थांबली. 'म्हणजे चुकली?' तो म्हणाला. 'चुकली,' मी म्हटलं. 'मग टाळ्या कशाला?' याचं उत्तर देणार तोवर तिनं तराणा सुरू केला आणि तो समोर बघायला लागला.

मध्यंतरात साबुदाणा वड्याच्या स्टॉलवर रांग होती. पुढच्या कलाकाराचं नाव पाहून त्यानं फोनवर त्याची गाणी शोधली, दोन सेकंद कानाला लावली आणि फोन खिशात टाकला. म्हणाला, आधी ऐकून ठेवलं तर मजा जाईल. मी गप्प. मग त्यानं स्वतःच्या पैशांनी दोन प्लेट वडे घेतले, एक माझ्यापुढे सरकवली आणि भरल्या तोंडानं म्हणाला, 'हे तुझ्या वहीत नको लिहूस, माझ्याकडे धर.'