मोड आहे का?

काही वर्षांपूर्वी आमच्या सोलापुरात दहाचं नाणं कोणी घेईना. रिक्षावाला घेईना, भाजीवाली घेईना, चहावाला तर लांबूनच हात हलवायचा. पंधरा रेघांचं नाणं खोटं आणि दहा रेघांचं खरं, अशी कुणीतरी आवई उठवली होती. मग काय, सात रस्त्यापासून अशोक चौकापर्यंत जो तो नाणं डोळ्यांजवळ धरून रेघा मोजतोय. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, की दहाच्या नाण्याचे १४ छाप निघालेत आणि चौदाच्या चौदा चालतात. रिक्षावाल्यांनी ते काही लगेच मनावर घेतलं नाही. मला मात्र त्या गोंधळात मजा वाटत होती. ज्या नाण्याकडे उभ्या जन्मात कुणी धड बघत नाही, ते अख्खं गाव निरखून बघत होतं. आणि चौदा छाप! मला तोवर दोनच ठाऊक होते.

नाणी जमवायची तर भरपूर पैसा लागतो, असा एक समज आहे. मखमली पेट्या, लिलाव, भिंग घेतलेले गंभीर गृहस्थ वगैरे. माझा संग्रह मामांच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यातून निघाला. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी गल्ला पालथा घालून बसायचो. मामा वर्तमानपत्राआडून विचारायचे, "काय बघालालास बे एवढं? रुपाया रुपायाच हाय की!"

तो तेवढाच नसतो, हे मामांना पटवायला मला एक खूण पुरली. कुठलंही नाणं घ्या आणि सालाच्या खाली बघा. तिथे बारीकसा हिरा असेल, तर ते मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं. पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. जुनी टांकसाळ, ती खूण करायच्या भानगडीत पडत नाही. सोलापूर पडलं मुंबई-हैदराबाद लोहमार्गावर, त्यामुळे आमच्या गल्ल्यात हिरे आणि तारे दोन्ही भरपूर. एकाच सालचा एकच रुपया, पण चार गावचा. मामांनी चष्मा वर केला, एक नाणं उजेडात धरलं, म्हणाले, "हे आपल्या हैदराबादचं की!" आमच्या गल्लीत निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, तेव्हा ते 'आपल्या' मला अजिबात खटकलं नाही.

नवख्याने सुरुवात इथूनच करावी, असं माझं मत. दर्शनी किमतीत मिळतं, फसवणूक होत नाही, आणि कंटाळा आला तर त्याच नाण्यांची कोथिंबीर आणता येते. दुसरा कुठला छंद ही सोय देतो? फक्त एखादं सूत्र धरायला हवं, नाहीतर डबा भरतो आणि संग्रह होत नाही. मी रोजच्या व्यवहारात फिरलेली, पण आपल्या मातीतल्या माणसांची नाणी धरली. १९९९ मध्ये शिवछत्रपतींचे दोन रुपये निघाले, त्याच साली ज्ञानेश्वर माउलींचा रुपया. २००२ मध्ये तुकोबांचे दोन रुपये. कर्जखतं इंद्रायणीत बुडवणाऱ्या माणसाला नाण्यावर बसवण्याची कल्पना ज्या कुणाच्या डोक्यात आली, त्याला साष्टांग नमस्कार. २००६ मध्ये महात्मा बसवेश्वरांचे पाच रुपये निघाले. बसवेश्वरांच्या प्रभावळीतले संत सिद्धरामेश्वर, त्यांच्या या सोलापुरात ते नाणं हाती आलं तर कोण खर्च करणार? त्यामुळे ते गल्ल्यात कमी आणि देव्हाऱ्यात जास्त सापडतं.

देव्हारा म्हटलं की आजीचा पितळी डबा आलाच. आजीचं माहेर नळदुर्गाकडचं, म्हणजे तेव्हाची मोगलाई. सोलापूर इंग्रजी अमलात आणि चार कोसांवरचं सासर-माहेर निजामाच्या, त्यामुळे आमच्या भागातल्या जुन्या घरांत दोन राज्यांची नाणी एकाच फडक्यात बांधलेली सापडतात. एक हाली शिक्का, म्हणजे निजामाचा, त्यावर चारमिनार. दुसरा कलदार, म्हणजे इंग्रजांचा, त्यावर राणी नाहीतर राजा. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. आजीला हा हिशेब अजून तोंडपाठ आहे, आणि यूपीआयचा चार आकडी पिन मात्र कागदावर लिहून ठेवावा लागतो.

त्या डब्यात भोकाचे पैसेही आहेत. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायचं म्हणून १९४३ पासून सरकारने पैशाला मधोमध भोकच पाडलं. १९४७ पर्यंत ते निघाले. पोरांनी ते करदोट्यात ओवले. आणि खाली, फडक्यात वेगळा गुंडाळलेला, पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया. १९११ च्या पहिल्या छापात राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला, आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा हत्ती काढला. आमच्याकडचा १९१९ चा. हत्ती शहाण्यासारखा आहे.

या रुपयाची मोठी गंमत वजनात आहे. ११.६६ ग्रॅम, बरोबर एक जुना तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. सराफाकडे वजनाला वेगळं माप नसलं तरी रुपया टाकून भागायचं. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया चक्क निकेलचा झाला. घरी लोहचुंबक असेल तर करून बघा. चांदीचा रुपया ढिम्म हलत नाही. पाठीवर वाघ असलेला १९४७ चा टपकन चिकटतो. वाघ असा चुंबकाला लोंबकळताना बघून आमच्या शेजारचं पोरगं इतकं हसलं, की पुढे आठवडाभर घरातली प्रत्येक चकचकीत वस्तू चुंबकाला लावून झाली. आजीची नथसुद्धा.

खरं भांडण होतं ते दिवाळीत. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी डबा खाली उतरतो, चिंच भिजत पडते. संग्राहकांच्या जगात नाणं घासणं हे महापाप. वर्षानुवर्षं चढलेला तो करडा-काळसर थर म्हणजेच नाण्याचं वय, तो गेला की नाणं उजळतं आणि किंमत उतरते. जाणकार माणूस चिंचेने घासलेलं नाणं हातात घेताच ओळखतो, कारण अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि चकाकी भांड्यासारखी दिसते. हे सगळं मी आजीला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "काळं नाणं लक्ष्मीपुढं ठिवायचं व्हय?"

तिचंही बरोबर आहे. तिच्या लेखी ते नाणं राजाचं नाही, देवीचं आहे, आणि देवीला आंघोळ लागते. शेवटी वाटणी झाली. एक राणीछाप आणि एक चारमिनार देवीचे; त्यांना चिंच, दूध, हळदकुंकू, काय हवं ते. बाकीचे माझे, त्यांना पाण्याचा थेंब नाही. ते मी कडेला धरूनच उचलतो, कारण बोटांचा घामसुद्धा छापावर उमटून राहतो. ठेवायला पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर मिळतात, ते बरे. स्वस्तातल्या मऊ प्लास्टिकच्या अल्बमात तांब्याची नाणी काही वर्षांत हिरवी चिकट होतात. दमटपणाची भीती मात्र आम्हाला कोकणातल्या लोकांइतकी नाही. मे महिन्यात सोलापूर माणसाला भाजून काढतं, पण नाण्यांची प्रकृती उत्तम ठेवतं.

आता पैशाचं बोलू, कारण छंद कळला की लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. केवढ्याला जाईल? शेजारच्या काकांनी मोबाइलवर जाहिरात दाखवली: वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं लाखोंना विकलं जातंय. ते नाणं २०१२ चं, वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचं. भरपूर निघालं आणि बाजारात किरकोळ भावाला मिळतं. जाहिरातवाला आधी नोंदणीचे, मग कमिशनचे पैसे मागतो, आणि कागदावर रिझर्व्ह बँकेचं नाव असतं. बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये सांगून टाकलंय, की आम्ही असल्या खरेदी-विक्रीत नाही आणि आमच्या नावाने कुणी शुल्क मागितलं तर देऊ नका. काका म्हणाले, "तरी बी एकदा फोन लावून बघाव का?" मी त्यांच्या हातून फोन काढून घेतला आणि चहा मागवला.

जुनं म्हणजे महाग, हा दुसरा समज. सातवाहनांची दोन हजार वर्षांपूर्वीची झिजलेली शिशाची नाणी काहीशे रुपयांत मिळतात, कारण ती उदंड सापडतात. उलट १९३९ चा चांदीचा रुपया मिळता मिळत नाही, म्हणून १९३८ मधला आठ कोरून नऊ केलेले नगही बाजारात फिरतात. किती पाडली, किती उरली, छाप किती शाबूत आहे आणि घेणारा कोणी आहे का, यावर भाव ठरतो. यातलं शेवटचं लोक विसरतात. व्यापारी आपल्याला विकतो तो भाव आणि आपल्याकडून घेतो तो भाव, यांत मोठं अंतर असतं, आणि सोन्यासारखं उद्या सकाळी मोडून पैसे करता येत नाहीत. म्हणून गुंतवणूक म्हणून कुणी विचारलं, तर मी सरळ नको म्हणतो. चांदीच्या रुपयाला निदान चांदीचा आधार असतो. बाकी सगळी हौस, आणि हौसेचा हिशेब बायकोला दाखवू नये. टाका मारून माळेत लावलेली, कडी बसवलेली, भोक पाडलेली नाणी तर संग्राहक हातातही धरत नाहीत. आजीच्या गळ्यातल्या पुतळ्यांना हा नियम लावायची हिंमत मात्र मी केलेली नाही.

कायद्याचं एक कलम गमतीचं आहे. जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर कलेक्टरला कळवावं लागतं. कायदा १८७८ चा, दहा रुपयेही तेव्हाचेच. बार्शी-मंगळवेढ्याकडच्या शेतांत नांगराला हंडा लागल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात. तसला माल कुणी गुपचूप विकायला आणला तर चार पावलं मागे सरकावं. शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, हे अमेरिकेतल्या भाच्याला भेट देण्यापूर्वी लक्षात ठेवावं.

मला स्वतःला एकच महागडा मोह आहे. औरंगजेब दक्षिणेत उतरला, पुढे काही वर्षं भीमेकाठी ब्रह्मपुरीला तळ देऊन बसला. त्याच्या रुपयांत सोलापूर टांकसाळीचेही रुपये आहेत, फारसी अक्षरांत आपल्या गावाचं नाव घेऊन. मला फारसी येत नाही. नाण्याचा फोटो समोर ठेवून मी तेवढी चार अक्षरं ओळखायला शिकलोय, आणि विक्रेत्याचा भाव ऐकून दर वेळी आणखी थोडी फारसी शिकतो.

तोवर गल्ला आहेच. पण गल्लाही आटत चाललाय. काउंटरवर क्यूआर कोडची पाटी आल्यापासून मोड येणंच कमी झालंय. काडेपेटीसुद्धा लोक फोनवर घेतात. मामांनी यावर उपाय काढला. दिवसभरात आलेली चिल्लर ते माझ्यासाठी वेगळी काढून ठेवतात, हिरा एका वाटीत, तारा दुसऱ्या, बिनखुणेची तिसऱ्या. गेल्या आठवड्यात मी माउलींचा एक रुपया उचलला आणि बदल्यात रुपया ठेवला. मामांनी तो परत सरकवला.

"दोन ठेव," म्हणाले. "माल दुर्मीळ हाय, तूच सांगितलंस की."