दोन तारा, एक खोगीर

मे महिन्यात आम्ही संत्र्याच्या बागेला ताण देतो. म्हणजे पाणी तोडतो. झाडं पानं मुडपून उभी राहतात आणि मृगाचा पाऊस पडला की घाबरून एकदम फुलतात. घाबरून, हे माझं मत; कृषी विद्यापीठाचं नाही. मुद्दा एवढाच, की या दिवसांत बागवाल्याला दुपारी काही काम नसतं. बाहेर 46 डिग्री, लाइट गेलेली, कूलर मुका, घरातले सगळे ओसरीत आडवे. अशा वेळी माणसाने झोपावं. मी गिटार काढली.

ही गिटार कॉलेजात असताना अमरावतीला सेकंडहँड घेतली. फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर नावाच्या इलेक्ट्रिक गिटारची नक्कल आहे, पण नक्कल इमानदार आहे: अस्सलमधली खोडसुद्धा उचलली आहे. वर, मानेच्या टोकाशी वाजवा, मधासारखी. बाराव्या पडद्याकडे सरका, की आंबिया बहाराचं कच्चं फळ चावल्यागत तोंड वाकडं होतं. इतकी वर्षं चालवून घेतलं, कारण ऐकणारं कोणी नव्हतं. त्या दुपारी मात्र ते एकदम सहन होईना.

सतारीला आपण जिला घोडी म्हणतो, तो गिटारचा ब्रिज. आणि त्या घोडीवर तार जिथे टेकते, त्याला इंग्रजीत सॅडल म्हणतात, म्हणजे चक्क खोगीर. घोडीवर खोगीर, सगळं कसं यथासांग. फक्त या घोडीवर खोगिरं तीन आणि स्वार सहा. पितळेच्या तीन नळकांड्या, प्रत्येकीवर दोन तारा डबलसीट. मागून एकेक स्क्रू, त्यावर स्प्रिंग. स्क्रू आवळला की खोगीर मागे जातं, तारेची लांबी वाढते, पण दोघींची.

बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवायचं, घंटेसारखा स्वर निघतो. मग त्याच पडद्यावर दाबून वाजवायचं. दोन्ही स्वर एक निघाले तर तुम्ही भाग्यवान. दाबलेला चढा निघाला तर खोगीर मागे घ्यायचं, उतरला तर पुढे. हिशेबाने पाहिलं तर तार 648 मिलिमीटर आणि बारावा पडदा बरोबर 324 वर, मग भानगड कसली? भानगड ही, की दाबली की तार ताणली जाते आणि ताणली की चढते. म्हणून प्रत्येकीला थोडी जास्तीची लांबी द्यावी लागते. जाड, ताठ तारेला जास्त, बारकीला कमी. बागेलाही ताण, तारेलाही ताण. मराठी भाषा काटकसरी आहे.

मोबाइलवरच्या ट्यूनरने पहिल्याच फेरीत सांगितलं, की खरं भांडण मधल्या खोगिरावर आहे. तिथे डी आणि जी या मधल्या दोन तारा. डी गुंडाळलेली, म्हणजे बारीक गाभ्यावर दुसरी तार वेटाळलेली, तिचं थोडक्यात भागतं. जी मात्र सपाट, म्हणजे नुसती तार, आणि सपाटांमध्ये सगळ्यात जाड. मी डी सुरात आणली तर जी चढते. जीसाठी आवळलं तर डी उतरते. पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे, असा माझा तास गेला.

ज्याने ही घोडी बनवली तो लिओ फेंडर 1909 सालचा, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनजवळचा, आणि त्याच्याही आईवडिलांची संत्र्याचीच बाग होती. 1909 हे साल आमच्या पट्ट्यात कुणालाही झोपेतून उठवून विचारावं, कारण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा यावलीतला जन्म त्याच वर्षीचा. इकडे एकाने खंजिरी हाती घेतली, तिकडे दुसऱ्याने 1938 मध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, पण संत्रेवाल्याला असले योग फार लवकर दिसतात. गंमत म्हणजे फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1950 मध्ये त्याने ही गिटार बाजारात आणली तेव्हा जीची तारसुद्धा गुंडाळलेली असायची, त्यामुळे डीशी तिचं बरं जमत असावं. पुढे लोकांनी जी सपाट लावली आणि घरात भांडण घुसलं. तो काही अडाणी नव्हता. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरला त्याने सहा तारांना सहा खोगिरं दिली. पण टेलिकास्टरवाले अडून बसले. दोन तारांचा भार एका पितळेवर पडतो त्यातच खरा आवाज आहे म्हणतात. मीही म्हणतो. सिद्ध करायला सांगू नका.

तर मधलं खोगीर. त्याच्याकडे टक लावून बसलो असताना मला लाल्या आठवला.

आबाजींची बैलजोडी विजोड होती. हिऱ्या गवळाऊ, पांढरा, उंच. लाल्या घरच्याच गाईचा, बुटका, लहानपणी खुब्याला मार लागलेला. डवरणीला, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायला, दोघं एका जुवाखाली. मला तेव्हापासून एक वाईट खोड आहे, वाकडी वस्तू दिसली की हात शिवशिवतात. भिंतीवरचं कॅलेंडर मी पाहुणा गेलेल्या घरीसुद्धा सरळ करतो. तर एकदा सकाळी पाहिलं, डवऱ्याची दांडी जुवाच्या मधोमध बांधलेलीच नाही. हिऱ्याच्या बाजूला सरकलेली, चांगली तीन बोटं. आबाजी न्याहारी करत होते. मी दोरी सोडली, वितीने मोजून बरोबर मध्यावर बांधली आणि शाळेत निघून गेलो. कुणाचं तरी भलं केल्याचा आनंद मला दुपारच्या सुट्टीपर्यंत पुरला.

संध्याकाळी कळलं, लाल्या अर्ध्या तासात बसला. तास म्हणजे घड्याळाचा नव्हे, शेतातला. दांडी ज्याच्या जवळ त्याच्यावर ओढ जास्त; म्हणून ती धट्ट्याकट्ट्या हिऱ्याकडे होती. एवढी साधी गोष्ट. आबाजी मला काहीच बोलले नाहीत. गोठ्यात लाल्याच्या मानेला हळद-तेल चोळत बसले होते, मी दारात उभा. ‘आत ये,’ म्हणाले नाहीत आणि ‘जा’ही म्हणाले नाहीत. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीला मी लाल्याच्या खांद्याला इतकं लोणी लावलं, की आजी ओरडली, ‘बाबू, पोयीवर टाकाले ठेव थोडं!’ ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या,’ हे मी लाल्याच्या कानात दोनदा म्हटलं. हिऱ्याच्या एकदाच. हिऱ्याने मनावर घेतलं नसावं.

गिटारवाल्यांनीही शेवटी तीन बोटांचीच युक्ती काढली आहे. तिरपी खोगिरं मिळतात, म्हणजे एकीची लांबी जरा जास्त, दुसरीची जरा कमी, स्क्रू एकच. मोर्शी-वरुडात कुठे मिळणार? मी मधला मार्ग काढला, डी किंचित उतरी, जी किंचित चढी, दोघी सारख्याच नाराज. ट्यूनरचा काटा दोन्हीकडे हिरव्याच्या बाहेर. वितीने मोजून मध्यावर, म्हणजे सवय काही गेली नाही.

तसं सुरात असतंच काय म्हणा. आमच्या भजनी मंडळाच्या पेटीचा गंधार सगळ्याच पेट्यांसारखा नैसर्गिक गंधारापेक्षा 14 सेंट चढा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला दार बंद केलं त्यामागे अशीही कारणं होती. आमच्या पेटीचा तर वरचा धैवत अडकायचा, म्हणून पेटीवाले काका तो गाळून पुढे जायचे. आम्ही पोरं ती भजनं धैवताशिवाय शिकलो. पुढे शहरात कुणीतरी तेच भजन पूर्ण म्हटलं, तेव्हा मला वाटलं, हा मधे काय घुसवतोय!

‘काय करून रायला बे?’ बाबा उठून बसले होते. ‘दुपारपासून टिंगटिंग चालू आहे.’

मी सगळं सांगितलं. सहा तारा, तीन खोगिरं, एकीचं केलं की दुसरीचं बिघडते. बाबांनी गिटार मांडीवर घेतली, घोडी उलटीसुलटी पाहिली, बोटाने खोगीर हलवून पाहिलं. आयुष्यभर मोटरपंप खोलणाऱ्याचं बोट ते.

‘सहा खोगिरायची भेटत नाही काय?’

‘भेटते.’

‘मंग?’

तेवढ्यात लाइट आली. कूलर खडखडला.

‘पाणी टाक त्याच्यात,’ बाबा म्हणाले आणि कुशीवर वळले.