हाडातला पू आणि सहा आठवड्यांची शुश्रूषा: नाशिकच्या वॉर्डातला माझा अनुभव

नाशिकमधल्या ज्या अस्थिरोग वॉर्डात मी परिचारिका आहे, तिथे हाडाच्या जंतुसंसर्गाचे मोठ्या वयाचे रुग्ण बहुधा तीन वाटांनी येतात. काहींचं हाड महामार्गावरच्या अपघातात कातडी फाडून बाहेर आलेलं असतं, काहींना रॉड किंवा प्लेट बसवल्यावर काही महिन्यांनी जखमेतून पू येऊ लागलेला असतो, आणि काहींचे तळपाय मधुमेहाने बधिर झालेले असतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी केलेली असते, खडा रुतलेला कळतच नाही, आणि अंगठ्याखालची जखम पार हाडापर्यंत गेल्यावर माणूस दवाखान्यात येतो. जखमेत घातलेली बोथट सळई थेट हाडाला टेकली तर संशय पक्का धरायचा. एक्स-रे पहिले १० ते १४ दिवस साफ दिसू शकतो, कारण हाडातला कॅल्शियम बराच कमी झाल्याशिवाय फिल्मवर काही उमटत नाही. म्हणून "एक्स-रे चांगला आलाय" या वाक्यावर निर्धास्त राहू नये.

उपचारातलं सगळ्यात मोलाचं काम औषधाआधीचं, म्हणजे नमुन्याचं. रुग्ण स्थिर असेल तर नमुना निघेपर्यंत डॉक्टर अँटिबायोटिक थांबवून ठेवतात. ताप, घसरलेला रक्तदाब, वाढलेला श्वास असं काही असेल तर मात्र रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घेऊन लगेच डोस सुरू होतो. जखमेच्या तोंडावरून बोळा फिरवून घेतलेला पू फसवा असतो. त्यात कातडीवरचे जंतू येतात आणि हाडातला खरा जंतू लपून राहतो. ऑपरेशनमध्ये खोलवरचे तीन ते पाच तुकडे वेगवेगळ्या जागांहून, प्रत्येक वेळी स्वच्छ हत्यार वापरून घेतात. इथे वॉर्डाने आणि थिएटरने मिळून एक गोष्ट सांभाळायची: कल्चरचा तुकडा निर्जंतुक कोऱ्या डबीत आणि पॅथॉलॉजीचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रावणात. कल्चरचा तुकडा फॉर्मलिनमध्ये पडला तर जंतू मरतात, रिपोर्ट 'वाढ नाही' असा येतो आणि पुढचं औषध अंदाजाने निवडावं लागतं. आपल्याकडे क्षयाची तपासणीही सोबतच पाठवतात, त्यासाठीची डबीसुद्धा फॉर्मलिनविना. प्रत्येक डबीवर जागा, वेळ आणि आधी कुठलं अँटिबायोटिक चालू होतं ते मी लिहिते.

चार-पाच दिवसांत ताप उतरतो, ठणका कमी होतो, आणि मग प्रश्न येतोच: "सिस्टर, आता दुखत नाही, मग सुया कशाला?" मी सांगते, "अण्णा, ताप रक्तातला गेलाय. हाडातलं अजून आत आहे." मेलेल्या हाडाच्या तुकड्याला रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे औषध तिथे पोहोचत नाही. हौदाच्या भिंतीला बुळबुळीत थर धरतो तसा थर जंतू त्या तुकड्यावर आणि रॉडवर धरतात. तो थर ऑपरेशनने खरवडून काढायचा आणि उरलेल्या जंतूंसाठी साधारण सहा आठवडे औषध द्यायचं, असा हा जोडउपचार आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ओव्हिव्हा या ब्रिटिश अभ्यासात योग्य गोळ्या शिरेतल्या औषधाइतक्याच उपयोगी ठरल्या, त्यामुळे काही रुग्णांना लवकर गोळ्यांवर नेता येतं. पण तो निर्णय कल्चर पाहून डॉक्टरांनी घ्यायचा.

शिरेतूनच द्यायचं असेल तर दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी पिक लाइन घालतात. टोक जागेवर आहे हे एक्स-रेने कळल्याशिवाय तिच्यातून काही सोडायचं नाही. घालतानाच नळीची एकूण लांबी, बाहेर उरलेली लांबी आणि दंडाचा घेर लिहून ठेवावा. पुढे घेर वाढला तर शिरेत गुठळीचा संशय येतो, बाहेरची लांबी वाढली तर नळी सरकली असं समजायचं. दर वेळी नळीचं तोंड अल्कोहोलच्या पुसणीने निदान १५ सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं. ओलं असतानाच सिरिंज लावली तर घासण्याचा अर्धा फायदा गेला. डोसच्या आधी आणि नंतर १० मिली नॉर्मल सलाईन थांबत-थांबत ढकलायचं (यालाच फ्लश म्हणतात), आणि सिरिंजही १० मिलीचीच घ्यायची. २ मिलीच्या सिरिंजने दाब इतका चढतो की नळी फाटू शकते. अडलं तर जोर करायचा नाही. पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवसांनी, गॉजचं २ दिवसांनी, आणि ओलं किंवा सुटलेलं कुठलंही त्याच दिवशी बदलायचं. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही. फ्लश केल्यावर तासाभरात हुडहुडी भरली तर लाइनलाच संसर्ग झालाय असं धरून रुग्णालय गाठायचं.

व्हॅन्कोमायसिन या शिरेतून द्यायच्या अँटिबायोटिकवर मी स्वतः नजर ठेवते. १ ग्रॅम २५० मिली सलाईनमध्ये घेऊन एक तासापेक्षा कमी वेळात कधीच नाही. दीड तासात द्यायचं तर एका मिलीचे २० थेंब पाडणाऱ्या सेटवर मिनिटाला साधारण ५५ थेंब पडतात. घाईने सोडलं की मान-चेहरा लाल होतो, खाज सुटते, रक्तदाब पडतो. तेव्हा सलाईन बंद करून डॉक्टरांना कळवायचं. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी आठवड्यातून निदान एकदा. या काळात मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी फार नुकसान करते. दुखलं म्हणून शेजारच्यांनी दिलेली असते, आणि क्रिएटिनिन चढतं. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक चालू असेल तर दर आठवड्याला रक्त तपासायचं, विशेषतः दोन आठवड्यांनंतर प्लेटलेट उतरतात म्हणून. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, ते रक्त नव्हे, हे आधी सांगितलं की निम्मे फोन वाचतात. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर नाही. कॅल्शियम-लोहाच्या गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची.

जखमेत कॅल्शियम सल्फेटचे औषधी मणी भरले असतील तर ते विरघळताना पांढरट पाणी येतं, कधी काही आठवडे. घरचे घाबरतात, पण वास नाही, ताप नाही, भोवती लाली नाही, तर ते बहुधा मण्यांचंच पाणी असतं. तरी फोटो काढून दाखवावा. निगेटिव्ह प्रेशरचं यंत्र (जखमेत भरलेल्या फोममधून स्राव डब्यात ओढणारं) असेल तर सहसा उणे १२५ मिमी पाऱ्याच्या दाबावर चालतं आणि फोम ४८ ते ७२ तासांनी बदलतात. किती तुकडे आत घातले ते ड्रेसिंगवरच लिहायचं, नाहीतर एखादा आत राहतो. वीज गेली आणि बॅटरीही संपली तर दोन तासांहून जास्त फोम तसाच ठेवायचा नाही. तो काढून सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज घालायचं. डब्यात लालभडक रक्त दिसलं तर यंत्र बंद, जखमेवर दाब, आणि लगेच डॉक्टर.

पाय उचलताना दुखऱ्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा एकत्र धरून उचलायचा. संसर्गाने पोकळ झालेलं हाड नुसत्या पिळाने मोडतं. पोटरीखाली उशी घेऊन टाच अधांतरी ठेवायची आणि पाऊल काटकोनात. फक्त गुडघ्याखाली उशी घातली की रुग्णाला बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो. तंबाखू आणि मिसरी बंद, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात.

जेवणाकडे घरोघरी दुर्लक्ष होतं. मूत्रपिंडं ठीक असतील तर वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. वरणभाताने एवढं भरत नाही. अंडी, मटकीची उसळ, शेंगदाणे, दूध दिवसभरात वाटून द्यावे लागतात. श्रावणात उपवास सुटत नसतील तर साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, सोबत ताक. मधुमेहींच्या उपवासाचं आणि गोळ्यांचं आधी डॉक्टरांशी बोलून घ्यायचं.

घरी सोडताना मी घरातल्या एकाच व्यक्तीला शिकवते आणि तिच्याकडून माझ्यासमोर पूर्ण डोस करून घेते. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात, तपासणीला येताना परत. सुरगाणा-पेठकडून पावसाळ्यात रस्ता अडतो, म्हणून तिकडच्यांना फ्लश आणि ड्रेसिंगचं सामान चार दिवसांचं जास्त देते. सीआरपी आणि ईएसआर या रक्तातली सूज दाखवणाऱ्या तपासण्या. सीआरपी लवकर उतरतो, ईएसआर रेंगाळतो. एकटा ईएसआर चढा दिसला म्हणून हाय खाऊ नये, सीआरपी मात्र पुन्हा चढू लागला तर थांबू नये.

औषध संपल्यावर लाइन निघते. रुग्णाला आडवं ठेवून नळी सावकाश ओढायची, जागा दाबून धरायची आणि निघालेली लांबी घालतानाच्या नोंदीशी जुळवून पाहायची. त्यानंतरही महिनोन्महिने, कधी वर्षांनी, तीच जागा पुन्हा उघडू शकते. थेंबभर पू दिसला तरी हळद किंवा मलम लावायचं नाही, उरलेल्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत. तसंच यायचं, कारण नवा नमुना घ्यायचा असतो.